बुदिमिरमामाचं फाटक

शुक्रवारच्या बाजारात खारवलेली साय घ्यायला गेलेल्या बुदिमिरला कळलं, की त्याच्या सख्ख्या भाच्याचं लग्न परवावर आलंय आणि सर्बियातल्या अख्ख्या चाचक गावात आमंत्रण नसलेला माणूस तो एकटाच आहे.

"शेला कुठल्या रंगाचा ठरलाय रे?" सायवाल्या रादोय्काने लाकडी पिंपात डाव खुपसत विचारलं. "लालच घे. निळ्यात तू अगदी आजारी दिसशील."

"कसला शेला?"

"घ्या! रविवारी मामा म्हणून मिरवणार कोण, मी? मिलोये गेल्या आठवड्यातच येऊन गेला आमच्याकडे बुधली घेऊन. मी आपला एक घोट घेतला. आमच्या ह्यांनी तोंडाला लावली ती मिलोयेने ओढून काढली तेव्हा सुटली."

"हां हां, शेला... लालच," असं काहीतरी बुदिमिर पुटपुटला, पैसे दिले आणि साय तिथेच विसरून निघाला. कान नुसते तापले होते. सगळा बाजार आपल्याकडे बघतोय असं त्याला वाटत होतं. आणि तीन-चार जण खरंच बघत होते, कारण तो स्वतःशी मोठमोठ्याने बोलत चालला होता.

आमच्याकडे लग्नाच्या पत्रिका छापतात, पण त्या परगावच्यांसाठी. गावातल्या माणसाला बोलवायचं तर राकियाने, म्हणजे घरी गाळलेल्या फळांच्या दारूने, भरलेली लाकडी बुधली घेऊन माणूस दारात येतो. घोट घेतलात की तुम्ही लग्नाला आलात. नाही घेतलात तर नातं तुटलं, पुन्हा त्या घरच्या मयतालाही कोणी बोलावणार नाही. मामाची तर तऱ्हाच वेगळी. मामा नवऱ्याच्या उजव्या हाताला बसतो, खांद्यावर आडवा भरतकामाचा शेला घेऊन, आणि त्याने हात वर केल्याशिवाय मांडवात कोबीच्या मडक्यावरचं झाकणसुद्धा निघत नाही. लग्नात मामा दिसला नाही तर लोक आधी विचारतात, "मेला का?" आणि जिवंत आहे म्हटल्यावर विचारतात, "मग काय केलंन मेल्याने?"

आणि हा काही लांबचा भाचा नव्हता. रेल्या म्हणजे बुदिमिरच्या धाकट्या बहिणीचा, लेपोसावाचा, एकुलता एक. पोरगं पावलं टाकायला लागलं आणि त्याचा बाप गेला. बुदिमिरने स्वतः लग्न केलं नाही. मुलगी बघायला गेला की तिथल्या रेडिओच्या खरखरीवरच बोलत बसायचा, मुलीकडे बघायचं राहून जायचं. पण रेल्याला सायकल त्याने शिकवली, मोरावा नदीत पोहायला त्याने शिकवलं, शाळेच्या पालकसभेत बाकीच्या बापांच्या रांगेत हा मामा जाऊन बसायचा आणि तिथली घंटा दुरुस्त करून परत यायचा. त्या पोराच्या लग्नातली ती उजव्या हाताची खुर्ची सोडली तर बुदिमिरला या जगाकडून काही नको होतं.

"आणि ती आता झ्वोन्कोच्या बुडाखाली जाणार!" पुलावर थांबून तो नदीला म्हणाला. झ्वोन्को म्हणजे रेल्याचा काका. चौकातलं मोबाइलचं दुकान त्याचं. पोराला ताप यायचा तेव्हा हा कधी फिरकला नाही, आता मिरवायला पुढे.

आता हा बुदिमिर कोण ते सांगायला हवं, आणि सांगताना जरा लाजच वाटते, कारण तो आमच्यातलाच. आम्ही म्हणजे स्वतःचा सर्व्हर स्वतःच्या घरात पाळणारी माणसं. लोक कोंबड्या पाळतात, त्यांना निदान अंडी मिळतात. मोठ्या परदेशी कंपन्यांवर आमचा काडीचा विश्वास नाही. आमची पत्रं, आमचे फोटो, आमच्या गप्पा, सगळं आमच्याच तळघरातल्या डब्यात. सुट्टीच्या दिवशी लोक नदीवर मासे भाजायला जातात तेव्हा आम्ही तो डबा उघडून बसलेलो असतो. आम्हाला स्वातंत्र्य फार प्रिय आहे. ते भोगायला तेवढा वेळ मिळत नाही.

बुदिमिर आमच्यातही जरा पुढचा. 'चव्हाटा' नावाची गप्पांची जागा त्याने उभी केली होती. तीस-एक सभासद, कोणी क्रागुयेवात्सचा, कोणी नोवी सादचा, एक जण पार अथेन्सचा. प्रत्येकाच्या घरी प्रत्येकाचा डबा, आणि सगळे डबे एकमेकांना जोडलेले. "आपल्यात मालक नाही, आपल्यात केंद्र नाही," हे बुदिमिर दर सभेत सांगायचा. बुदिमिर सर्दीने आडवा झाला की तिसांच्या तिसांचा चव्हाटा बंद पडायचा, ती गोष्ट वेगळी. त्यावर आम्ही कोणी बोलायचो नाही, कारण बोलणार कुठे?

गावची लग्नं, बारशी, मयतं ज्या ॲपवर ठरतात ते त्याने कधी घेतलं नाही. पुढे फोनचं सिमकार्डही काढून टाकलं. त्याच्याशी बोलायचं तर त्याच्या खाजगी नेटवर्कमध्ये शिरायचं, आणि त्यासाठी त्याच्याकडून किल्ली घ्यायची. किल्ली म्हणजे पानभर अक्षरं आणि आकडे. रेल्याने घेतली होती बिचाऱ्याने. लेपोसावा म्हणाली होती, "सख्ख्या भावाशी बोलायला मला परवाना लागत असेल तर राहू दे."

"ज्याला माझी गरज आहे त्याने माझ्या दारात यावं," असं बुदिमिरचं उत्तर होतं. "दार काही मी कोणाला बंद केलेलं नाही."

बोलून चालून भाऊ-बहीण, भांडणं व्हायचीच. पण गेल्या हिवाळ्यातलं जरा जास्त झालं. घराच्या संताचा सण, लेपोसावाकडे पन्नास माणसं जेवायला. तिच्या घराच्या हीटरला बुदिमिरने प्रेमाने आपला एक डबा जोडून दिला होता. ऐन सूप वाढताना त्या डब्याला स्वतःला सुधारून घ्यायची लहर आली, आणि घर असं गारठलं की पाद्रीबुवांनी ओव्हरकोट घालून प्रार्थना म्हटली. लेपोसावाने सगळ्यांदेखत डबा उपटून त्याच्या हातात दिला. "बुदो, तुझं हे कारटं उचल आणि चालता हो!" तो चालता झाला. तेव्हापासून बोलणं नव्हतं. म्हणून बाजारातून घरी येईपर्यंत त्याने हिशेब लावून टाकला होता: लेपा अजून डूख धरून आहे, आणि पोराच्या लग्नात तिने सूड उगवला.

उठून बहिणीच्या घरी जावं, विचारावं, हे त्याला सुचलं नाही असं नाही. पण बुधली न आलेल्या मामाने आपण होऊन लग्नघराची पायरी चढायची? त्यापेक्षा माणूस अंगावर उकळता कोबी ओतून घेईल.

मग त्याने आम्ही सगळे दुःखात करतो तेच केलं. तळघरात गेला, कानांवर हेडफोन चढवले आणि चव्हाट्यावर लांबलचक लिहिलं. शनिवारचा सगळा दिवस त्यातच गेला. 'रक्ताची नाती आणि परदेशी कंपन्यांचं कारस्थान' असा मथळा होता. ज्यांच्याकडे ते ॲप नाही त्यांना समाज जिवंत असून मेल्यात जमा करतो, असा एकूण सूर. लिहिताना त्याला दोनदा रडू आलं, आणि खरं रडू होतं ते. पोराची आठवण येत होती. पण मथळा काही त्याने बदलला नाही.

आमच्या लोकांनी धीर दिला. नोवी सादच्या माणसाने लिहिलं, असल्या नातेवाइकांना ब्लॉक करावं. अथेन्सच्याने लिहिलं, ते राहतात तो सगळा पत्ताच ब्लॉक करावा. बुदिमिरने लेपोसावाचं सगळं घर ब्लॉक केलं. ते घर त्याच्या नेटवर्कवर कधी नव्हतंच, पण केलं. तेवढंच मनाला बरं वाटलं.

फक्त क्रागुयेवात्सच्या पेर्सिदाबाईंनी खोडा घातला. बाई शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, कोणालाही सोडायच्या नाहीत. त्यांनी एवढंच लिहिलं: "तुमच्याकडे कोणी आलंच नाही याला पुरावा काय?"

बुदिमिरला राग आला. मग आनंद झाला. पुरावा! पुरावा तर त्याच्याकडे होता. फाटकावर त्याने स्वतः बनवलेली घंटा होती, घंटेवर कॅमेरा, आणि कोणी समोर उभं राहिलं की कॅमेऱ्याचा निळा दिवा लागून आवाजासकट हलतं चित्र आपोआप साठवलं जायचं. रविवारी सकाळी कॉफी घेऊन तो खाली उतरला. गेल्या दोन-तीन आठवड्यांची रिकामी साठवण चव्हाट्यावर लावायची आणि जगाला दाखवायचं, की बघा, सख्ख्या मामाच्या दारात कुत्रंसुद्धा आलं नाही, असा त्याचा बेत होता.

पहिल्याच चित्रात मिलोये होता.

अंगात काळं जाकीट, टोपीत रोझमेरीची काडी, काखेत नक्षीची बुधली, तिच्या गळ्यात टाचलेल्या नोटा. मिलोये म्हणजे आमच्या गावातला बुधली फिरवणारा हुकमी माणूस, तीन पिढ्यांना त्याने लग्नाला बोलावलंय. त्याने घंटा दाबली, थांबला, पुन्हा दाबली. निळ्या दिव्याकडे बघून मिशा सारख्या केल्या. मग टोपी काढून, कॅमेऱ्याच्या भिंगात बघत, खड्या आवाजात सगळं आमंत्रण म्हणून दाखवलं: "लेपोसावाच्या घरचा नमस्कार, बुदिमिरमामा! घर तुमचं, पोर तुमचं, पहिला घोट तुमचा. तुम्ही उठल्याशिवाय वऱ्हाड उठायचं नाही!" आणि बुधली कॅमेऱ्यापुढे धरून उभा राहिला. बराच वेळ. हात भरून आले तेव्हा त्याने बुधली खाली घेतली.

बुदिमिरने पुढचं चित्र लावलं. पुन्हा मिलोये, या वेळी बिनाटोपीचा आणि घामाघूम. "बुदिमिर! अरे ए! मोटर दारात, तळघराच्या खिडकीत उजेड, आणि तू निळा डोळा लावून माझी मजा बघतोस? तुझ्या बापाच्या लग्नाची बुधली माझ्या बापाने फिरवली होती रे!" तो फाटकावर मूठ आपटत होता. बुदिमिरचा म्हातारा कुत्रा शेजारी पडल्या पडल्या शेपूट हलवत होता.

तिसऱ्यात रेल्या होता. एकटा, काखेत बुधली. त्याने घंटा दाबली आणि दिव्याकडे बघितलं.

"मामा, दिवा लागला. म्हणजे बघतोयस." तो हसायला गेला, पण ते जमलं नाही. "निरोप धाडून धाडून दमलो. तुझ्या त्या जाळ्यात मला शिरता येत नाही, किल्ली चालत नाही म्हणतं. काढून टाकलंस का मला? आईने तुला चालता हो म्हटलं, मी नाही म्हटलं. ती पण रोज रडते, पण सांगू नकोस मी सांगितलं म्हणून." मग तो दगडावर बसला. थोड्या वेळाने उठून पुन्हा भिंगासमोर आला. "बाहेर यायचं नसेल तर नको येऊस. पण मी काय केलं तेवढं तरी सांग ना मामा."

तो थांबला. मग तो गेला. जाता जाता फाटकाची सैल कडी त्याने हाताने पिळून घट्ट केली, लहानपणी करायचा तशी.

बुदिमिर खुर्चीत बसल्या बसल्या "नाही रे, नाही रे" म्हणत राहिला. ऐकायला कोणी नव्हतं.

काय झालं होतं ते कळायला त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत, कारण चूक त्याचीच होती आणि ती करताना त्याने स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. मध्यंतरी कुठकुठले परदेशी रोबो त्याच्या नेटवर्कवर येऊन पासवर्ड चाचपडून जायला लागले होते. तेव्हा त्याने एक कडक नियम लिहिला: सगळ्यांना मनाई. जुन्या किल्ल्या सगळ्या रद्द. मग ज्यांना आत घ्यायचं त्यांना एकेक करून नव्याने परवानगी. आम्हा तिसांना त्याने त्याच दिवशी परवानगी दिली. भाच्याची नवी किल्ली सावकाश करू म्हणाला आणि विसरला. आणि फाटकावरची घंटा? ती बाहेरच्या तारेवरून यायची, म्हणजे तीही परकी. कॅमेऱ्याची तार वेगळी होती, तो बिचारा इमानदारीने सगळं टिपत राहिला. घंटा मात्र तळघरात कधी वाजलीच नाही, आणि हेडफोन चढवलेल्या कानांना हाकाही ऐकू आल्या नाहीत. नियम नीट चालतोय की नाही हे बुदिमिरने तपासलं होतं. तळघरातल्या खुर्चीत बसून. बाहेरून कोणीही आत येऊ शकत नाही असं दिसल्यावर त्याने चव्हाट्यावर आनंदाची बातमी लिहिली होती, आणि आम्ही सगळ्यांनी शाबासकी दिली होती. मीही दिली होती.

दूरवरून ट्रंपेटचे सूर यायला लागले. लेपोसावाच्या अंगणात बँड लागला होता. अजून थोड्या वेळात वऱ्हाड नवरीला आणायला निघणार.

फोन करायचा तर सिमकार्ड नाही. निरोप धाडायचा तर ते घर त्याने स्वतःच ब्लॉक केलेलं. मोटर सुरू होईना. तिलाही त्याने आपला एक डबा बसवला होता, आणि नव्या नियमानंतर ती त्याला ओळखत नव्हती. बुदिमिरने घरातल्या पायजम्यावर सुटाचा कोट चढवला आणि उतारावरून धावत सुटला. साठीला आलेला माणूस, गुडघा दुखरा, पायात चप्पल. वाटेत रादोय्का भेटली, ती फक्त "लाल घेतला नाहीस?" एवढंच म्हणाली.

लेपोसावाचं फाटक बंद होतं. पोरं रस्त्यावर धावू नयेत म्हणून लावून घेतलं होतं. आत मांडवात एवढा दणका चालला होता की खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. बुदिमिरने घंटा दाबली. कोण ऐकतो? पुन्हा दाबली. हाका मारल्या, "लेपे! रेल्या!" ढोलवाल्याने त्याच वेळी नवा ठेका धरला. फाटकाच्या गजांतून त्याला सगळं दिसत होतं. मडकी रांगेने मांडलेली, पोरी रोझमेरी टाचतायत, झ्वोन्को खांद्यावर लाल शेला घेऊन मिरवतोय. आणि रेल्या पांढऱ्या शर्टात, हात पाठीमागे बांधून, बुटांकडे बघत उभा. सगळं दिसतंय आणि आत जाता येत नाही. बुदिमिर गज धरून उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

शेवटी पावाची टोपली घ्यायला बाहेर आलेल्या लेपोसावाने त्याला पाहिलं. ती फाटकापर्यंत आली. उघडलं नाही.

"आता कशाला आलास? कॅमेऱ्यातून दिसत नाही का इथलं?"

"लेपे, ऐक तर—"

"काय ऐकू? तीनदा माणूस पाठवला. तिसऱ्यांदा पोर स्वतः आलं. परत आल्यावर दोन दिवस जेवला नाही तो. तुला हीटरचा राग होता ना? मग माझ्यावर काढायचास! माझ्या पोरावर का?"

"मला कळलंच नाही ते आलेले. ती घंटा... बघ, नियमांचा एक क्रम असतो. आधी मनाई येते, मग परवानगी, आणि बाहेरच्या तारेवरून जे येतं त्याला—"

"बुदो!"

लेपोसावाच्या मागे रेल्या येऊन उभा होता. बँड मधेच थांबला. आमच्याकडचे बँडवाले भांडणाचा वास आला की थांबतात, ऐकायला मिळावं म्हणून.

"मामा," रेल्या म्हणाला, "तुझं ते यंत्रातलं काही सांगू नकोस. मी भिंगासमोर उभा होतो. तू बघत होतास की नव्हतास?"

"नव्हतो."

"दिवा लागला होता."

"दिवा लागतो रे. घंटा वाजत नव्हती. मीच बंद करून ठेवली होती, मला ठाऊक नव्हतं बंद केलीय ते. आज सकाळी पाहिलं तुला. चव्हाट्यावर लावायला पुरावा शोधत होतो. तू आला नाहीस याचा."

रेल्या त्याच्याकडे बघत राहिला. कोट, पायजमा, चप्पल, भिजलेली दाढी.

"म्हणजे तू माझा अपमान केला नाहीस," तो सावकाश म्हणाला.

"नाही."

"तू फक्त गाढव आहेस."

"हो."

"आई, हा खरं बोलतोय. खोटं बोलायचं असतं तर याने जरा बरं काहीतरी रचलं असतं."

लेपोसावाने तोंडाला कंबरेच्या एप्रनचं टोक लावलं. ती हसतेय की रडतेय हे क्षणभर कळेना. मग कळलं की दोन्ही. "अरे देवा, याच्यापायी मी महिनाभर मेणबत्त्या लावल्या!" असं म्हणत तिने कडी काढली. बुदिमिर आत आला आणि रेल्याने त्याला असं धरलं की त्याच्या कोटाची शिवण उसवली.

मिलोये बुधली घेऊन पुढे झाला. "सगळं पुन्हा म्हणणार नाही," तो म्हणाला. "तुझ्या त्या यंत्राला एकदा म्हणून दाखवलंय, त्याला विचार." बुदिमिरने घोट घेतला. राकिया, अश्रू आणि नाक, सगळं एकदम त्याच्या घशात गेलं आणि त्याला ठसका लागला.

इथे गोष्ट गोड करून संपवायचा मोह होतोय, पण तसं झालं नाही. झ्वोन्को ओशाळून शेला काढायला लागला तेव्हा मिलोयेने त्याचा हात धरला. पाद्रीबुवांच्या आशीर्वादानंतर शेला एकदा चढला की नवरी घरात येईपर्यंत उतरवायचा नाही, असा रिवाज. उतरवला तर संसार टिकत नाही म्हणतात. कोणाचा खरोखर मोडला ते कोणी सांगत नाही, पण नवऱ्याच्या आईसमोर तो प्रयोग कोण करणार? सगळे बुदिमिरकडे बघायला लागले.

पोर पाळण्यात होतं तेव्हापासून त्याने ती खुर्ची मनात धरली होती. झ्वोन्कोला चार शब्द सुनवावेत असंही वाटलं. पण झ्वोन्कोला हाक मारली तेव्हा तो आला होता, हे काही नाकारता येईना.

"राहू दे त्याच्याकडेच," तो म्हणाला. "मला दुसरं काही काम सांगा."

लेपोसावाने इकडेतिकडे पाहिलं. "काम आहे. त्या बँडपायी घंटा कोणाला ऐकू येत नाही, माणसं बाहेर ताटकळतायत. फाटकावर उभा राहा. येईल त्याला आत घे."

"कोण कोण येणार आहे? नावं दे मला."

"येईल त्याला आत घे," लेपोसावा पुन्हा म्हणाली. "लग्न आहे बुदो, तळघर नाही."

तेव्हा चव्हाट्याचा संस्थापक, सगळ्यांना मनाई करणारा बुदिमिर, उसवलेल्या कोटात फाटकावर उभा राहिला. कोणीतरी त्याच्या कोटाला रोझमेरीची काडी टाचली. वऱ्हाड नवरीला आणायला निघालं, मोटारी एकेक करून बाहेर पडायला लागल्या. रेल्याची मोटर त्याच्यापाशी थांबली आणि काच खाली आली.

"मामा, आम्ही परत येऊ तेव्हा तू इथेच असशील ना?"

"कुठे जातोय?"

"नाही, म्हणजे कुठेच जाऊ नकोस. झ्वोन्कोकाका खुर्चीत बसू दे. तियाना नवरी म्हणून या घरात येताना तिला पहिल्यांदा तू दिसला पाहिजेस. मी तिला सांगून ठेवलंय, दारात जो असेल तो माझा मामा."

मोटर गेली.

मग माणसं येत राहिली. ओळखीची, बिनओळखीची, एक जोडपं तर दुसऱ्याच लग्नाला निघालेलं चुकून इकडे आलं. बुदिमिरने त्यांनाही आत घेतलं आणि ती संध्याकाळपर्यंत नाचली. पहिल्या दोघा-तिघांना तो सवयीने "आपण कोण?" असं विचारून बसला, मग जीभ चावून नुसतं "या, या" म्हणायला लागला. ऊन चढलं. लेपोसावाने त्याच्यासाठी कोबीची वाटी आणि खुर्ची धाडली. कोबी त्याने उभ्याने खाल्ला. खुर्चीवर बसला नाही. लघवीला लागली होती तरी गेला नाही, न जाणो तेवढ्यातच आली तर.

दुपार कलताना उताराखालून मोटारींचे भोंगे ऐकू आले. तो उभा राहिल्यापासून फाटक सताड उघडं होतं, कोबीच्या गाड्याही त्यातूनच आत आल्या होत्या. बुदिमिर धावला. त्याने फाटकाची दोन्ही दारं ओढून लावून घेतली, कडी घातली. "अरे मामा, हे काय करतोस?" पोरं ओरडली. पहिली मोटर फाटकाशी येऊन थांबली, मागच्या काचेत नवरीची पांढरी ओढणी दिसली. बुदिमिरने कोटाची बटणं लावली, कडी काढली आणि दोन्ही दारं आपल्या हाताने उघडली.